मुंबईला उपचारासाठी जाताना मुक्काम कोठे करावा?

मला चौथीत गणित शिकवणारे गुरुजी आज बहात्तर वर्षांचे आहेत. मधुमेह पंधरा वर्षांपासून, रक्तदाब त्याच्याही आधीपासून, आणि दोन्ही गुडघे झिजलेले. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता त्यांना चालताना छातीत जड वाटू लागले. आमच्या गावात जेवढ्या तपासण्या होतात तेवढ्या केल्या आणि मी त्यांना मुंबईला पाठविले. पहिल्या दिवशी उपाशीपोटी रक्त तपासणी आणि इको, दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी असे ठरले. रुग्णालय परळ भागातले. वेळ सकाळी दहाची.

मुक्कामाचा विषय निघाला तेव्हा धाकटा मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, त्याची काळजी नको. बदलापूरला आमचा आतेभाऊ आहे. घरचेच आहे." मीही मान हलविली. आपल्याकडे हे असेच चालते. मुंबईत नातेवाईक असताना हॉटेलात उतरणे म्हणजे पैशाचा माज, शिवाय नातेवाइकाचा अपमान!

आतेभावाचे घर चौथ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. रात्रभर रेल्वेचा प्रवास करून आलेले गुरुजी दुखऱ्या गुडघ्यांनी चार जिने चढले. रात्री साडेआठला जेवण झाले. घरात माणसे सहा आणि संडास एक, त्यामुळे पहाटे साडेचारलाच उठून आवरावे लागले. सहाच्या सुमारास निघताना नेहमीच्या सवयीने त्यांनी साखरेची गोळी घेतली. पोटात अन्नाचा कण नाही. बदलापूरहून दादरला लोकलने सव्वा ते दीड तास लागतो, पण तो गाडीत शिरता आले तर. गर्दीमुळे दोन गाड्या सोडाव्या लागल्या. दादरच्या पुलावर गुरुजींना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, मुलगा काय विचारतो ते समजेना आणि ते पायरीवरच बसले. एका अनोळखी बाईंनी पिशवीतून साखर काढून त्यांच्या तोंडात घातली म्हणून निभावले.

रुग्णालयात पोचेपर्यंत अकरा वाजले होते. तेथील डॉक्टरांनी दिवसभर देखरेखीखाली ठेवले. त्यांचे बरोबरच होते, कारण या प्रकारच्या गोळीने उतरलेली साखर एकदा वर आली तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते. तपासणी मात्र राहिली आणि पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. हृदयाचे दुखणे असलेल्या माणसाला तीन आठवडे थांबावे लागले.

परत आल्यावर गुरुजी दवाखान्यात आले आणि माझी चिठ्ठी टेबलावर ठेवली. तीवर मी 'उपाशीपोटी' एवढेच लिहिले होते. गोळीचे काय करायचे, ते लिहिलेच नव्हते. "अरे डॉक्टर," ते म्हणाले, "लहानपणी गणितात तू एक पायरी गाळायचास. अजून गाळतोसच." चूक माझी होती. मी कबूल केली, आणि ती पायरी आज आपल्यासमोर लिहितो आहे. उपाशीपोटी तपासणी असेल तेव्हा मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीप्रमाणे घ्यायचे की थांबवायचे, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. विशेषतः ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असलेल्या गोळ्या रिकाम्या पोटी धोक्याच्या ठरतात. रक्तदाबाची गोळी बहुधा घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते, पण तेही विचारूनच. साधे पाणी प्यायला किती वाजेपर्यंत परवानगी आहे, हेसुद्धा विचारावे. खिशात साखरेची पुडी असू द्यावी. घाम, थरथर, भोवळ, असंबद्ध बोलणे यातले काही सुरू झाले आणि माणूस शुद्धीवर असला, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. तपासणी बुडाली तरी चालेल. शुद्ध हरपलेली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये.

पण त्या दिवशी दोष एकट्या गोळीचा नव्हता. रात्रीच्या जेवणानंतर साडेबारा तास उलटले होते आणि त्यातले शेवटचे साडेचार तास चढउतार, गर्दी आणि धावपळ यांत गेले होते. हेच गुरुजी रुग्णालयापासून दहा मिनिटांच्या अंतरावर मुक्कामाला असते, तर साडेआठला उठले असते आणि घाम फुटण्याआधी त्यांचे रक्त घेऊन झाले असते. म्हणून दुसऱ्या वेळी मी आग्रह धरला की, मुक्काम दादरलाच करायचा, तोही बऱ्यापैकी हॉटेलात. मुलाचा चेहरा उतरला. गुरुजींनीच कागदावर बेरीज मांडली. एका बाजूला तीन रात्रींचे भाडे. दुसऱ्या बाजूला वाया गेलेला रेल्वेप्रवास, बदलापूरहून रोजची टॅक्सी, मुलाची बुडालेली रजा, आतेभावाच्या मुलांसाठी नेलेला खाऊ आणि तीन आठवड्यांची धास्ती. बेरीज हॉटेलच्या बाजूने लागली.

हॉटेल म्हणजे कोणते?

मुंबईत समुद्राकाठी पंचतारांकित हॉटेले आहेत, त्यांच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. दुसऱ्या टोकाला स्टेशनबाहेरचे लॉज. प्लायवूडच्या भिंती, खिडकी नाही, आठ खोल्यांत मिळून एक संडास. रुग्णाला तेथेही नेऊ नये. या दोहोंच्या मध्ये जी साधी, स्वच्छ, बिनदिखाऊ हॉटेले असतात ती आपल्या कामाची. दादर यासाठी सोयीचे, कारण मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वेमार्गांवर ते आहे. केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालये तेथून टॅक्सीच्या थोड्या अंतरावर आहेत. मी स्वतः पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी अशाच एका हॉटेलात नऊ दिवस काढले आहेत. दिवसाला अडीच-तीन हजार रुपये पडले. भाडे ठरविताना जीएसटी धरून का, हे विचारून घ्यावे. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के आहे.

या भाड्यात पोहण्याचा तलाव मिळत नाही, दिवाणखान्यात झुंबर नसते. सकाळी नाश्त्याला पंचवीस पदार्थ मांडलेले नसतात, हे तर मधुमेह्याच्या दृष्टीने चांगलेच. फुकट दिसले की आपल्या माणसाचा हात शिऱ्याकडे आणि जिलबीकडे जातो. रुग्णाला हवे असते ते वेगळेच. लिफ्ट, कमोड, गरम पाणी, उघडणारी खिडकी, शांत झोप आणि रात्री दहाला मागितला तर मिळणारा वरण-भात. हे सगळे मधल्या दरात मिळते. फक्त विचारावे लागते, आणि आपण विचारत नाही.

फोनवर विचारायच्या गोष्टी

गुरुजींसाठी मी स्वतः तीन ठिकाणी फोन केले. पहिल्या ठिकाणी व्यवस्थापक म्हणाले, लिफ्ट आहे. मी विचारले, रस्त्यावरून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या? थोडे थांबून ते म्हणाले, चौदा! मुंबईतील जुन्या इमारतींत हा प्रकार फार. हॉटेल पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट सुरू होते तिथून पुढे. तेव्हा 'लिफ्ट आहे का' असे विचारू नये, 'रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या' असे विचारावे. चाकाची खुर्ची लागणार असेल तर ती लिफ्टमध्ये मावते का तेही विचारावे. पुष्कळ ठिकाणी मावत नाही.

त्यानंतर न्हाणीघर. गुडघेदुखी असलेल्याला, शस्त्रक्रिया झालेल्याला आणि हृदयरुग्णाला कमोड हवाच. न्हाणीघराचा उंबरठा उंच नसावा. फरशी गुळगुळीत असेल तर पहिल्याच दिवशी पायपुसणे आणि रबरी चटई मागून घ्यावी. म्हातारी माणसे परक्या ठिकाणी रात्री लघवीला उठतात तेव्हा पडतात. दिव्याचे बटण कोठे आहे हे माहीत नसते, घरी डावीकडे असलेले दार येथे उजवीकडे असते. खुब्याचे हाड असेच मोडते. संध्याकाळी उजेडात रुग्णाला पलंगापासून न्हाणीघरापर्यंत दोन वेळा चालवून आणावे आणि रात्रभर न्हाणीघरातला दिवा चालू ठेवून दार किलकिले ठेवावे. आतून कडी मात्र लावू देऊ नये.

गरम पाण्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण येथे जीव जातो. गिझर विजेचा आहे की गॅसचा, हे पाहावे. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या आत असेल आणि हवा खेळायला जागा नसेल, तर गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट त्याला चिकटते, आणि मग शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखते, मळमळते, भोवळ येते आणि माणूस बंद दाराआड कोसळतो. असा गिझर आत दिसला तर खोली बदलून मागावी. विजेच्या गिझरची भीती वेगळी. साठ अंशांचे पाणी पाच-सहा सेकंदांत कातडी भाजते. जुन्या मधुमेह्याच्या तळपायाला चटका समजत नाही, म्हणून पाणी त्याने पायाने अजमावू नये. सोबतच्या माणसाने कोपर बुडवून पाहावे. फवाऱ्यापेक्षा बादलीत पाणी मिसळून घेणे बरे.

फवाऱ्यावरून आठवले. १९७६ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एका नामांकित, महागड्या हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले होते. घरी परतल्यावर त्यांच्यापैकी अनेक जण न्यूमोनियाने आजारी पडले आणि पुष्कळ दगावले. जंतू काही केल्या सापडेना. जानेवारी १९७७ मध्ये तो सापडला आणि त्या माजी सैनिकांच्या संघटनेवरून त्याचे नाव लिजिओनेला पडले. साठलेल्या कोमट पाण्यात तो वाढतो आणि पाण्याच्या बारीक तुषारांबरोबर फुप्फुसात जातो. त्या हॉटेलात तो वातानुकूलन यंत्रणेतून पसरला असे मानले जाते. हॉटेल महाग म्हणजे निर्धोक, असे काही नसते. आपण घाबरून जाण्याचे कारण नाही, पण खोली काही दिवस बंद असू शकते. म्हणून आल्यावर दार-खिडकी उघडून नळ आणि फवारा दोन-तीन मिनिटे वाहू द्यावा आणि तेवढा वेळ न्हाणीघराबाहेर थांबावे. पन्नाशीपुढची माणसे, विडी-सिगारेट ओढणारे आणि केमोथेरपी घेणारे यांनी हे जरूर करावे.

खोली रस्त्याच्या बाजूची घेऊ नये, मागची घ्यावी. रस्त्याकडे रात्री एकपर्यंत हॉर्न आणि पहाटे चारपासून भाजीचे टेम्पो. तशीही परक्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये असे दाखविले की, नव्या ठिकाणी पहिल्या रात्री मेंदूचा एक भाग दुसऱ्यापेक्षा उथळ झोपतो, जणू राखण करीत असतो. गुरुजींना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "कुत्र्यासारखे म्हण की, एक कान उभा!" अशा रात्रीनंतर सकाळी रक्तदाब वाढलेला दिसू शकतो. शक्य असल्यास एक दिवस आधी पोचावे. नाही जमले तर निदान तेथील डॉक्टरांना सांगावे की रात्री झोप झालेली नाही, म्हणजे गोळ्या उगाच वाढणार नाहीत.

रात्रीच्या गाड्या मुंबईला भल्या सकाळी पोचतात. काही हॉटेलांत दिवस दुपारी बाराला सुरू होतो, काही ठिकाणी आल्यापासून चोवीस तास धरतात. रुग्णाला घेऊन पाच तास बाकड्यावर बसावे लागू नये म्हणून हे आधी ठरवावे. अर्ध्या दिवसाचे भाडे जास्त गेले तरी जाऊ द्यावे. ओळखपत्र रुग्णाचेही लागते. ते फाइलमध्ये वरच ठेवावे.

इन्सुलिन आणि खोलीतला फ्रिज

पत्नीच्या वेळी आमच्या शेजारच्या खोलीत विदर्भातले एक कुटुंब होते. इन्सुलिनची नवी कुपी त्यांनी खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवली आणि दिवसभर रुग्णालयात गेले. हल्ली किल्लीऐवजी कार्ड देतात. ते दाराजवळच्या खाचेत घातले की खोलीतली वीज सुरू होते आणि काढले की बंद. त्यांच्या खोलीत कार्डाबरोबर फ्रिजही बंद पडत होता. मे महिना होता. दोन दिवसांनी हे त्यांच्या लक्षात आले, ते साखर का वाढते आहे म्हणून विचारायला माझ्याकडे आले तेव्हा.

न फोडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. वापरात असलेली कुपी किंवा पेन साधारण चार आठवडे सावलीतल्या, तीस अंशांच्या आतल्या तापमानात चालते. मुदत प्रत्येक इन्सुलिनची थोडी वेगळी असते, ती वेष्टनावर पाहावी. म्हणजे तीन-चार दिवसांच्या मुक्कामात चालू पेनसाठी फ्रिजची गरजच नाही. जादा कुपी असेल तर स्वागतकक्षात सांगून हॉटेलच्या स्वयंपाकघरातील फ्रिजमध्ये नाव लिहून ठेवावी. छोट्या फ्रिजमध्ये मागच्या बर्फाळ भिंतीला टेकवून ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर जसेच्या तसे दिसले तरी टाकून द्यायचे.

ढेकणांविषयी पुष्कळ जण विचारतात. गादीची शिवण आणि पलंगाच्या डोक्याकडची फट टॉर्चने पाहावी. काळे ठिपके दिसले तर खोली बदलावी. ढेकूण चावल्याने रोग पसरतो असा पुरावा नाही. झोपेचा आणि कातडीचा त्रास मात्र होतो, आणि बॅगेतून ते आपल्याबरोबर गावीही येतात. म्हणून बॅग जमिनीवर किंवा पलंगावर न ठेवता स्टुलावर ठेवावी.

पाणी सीलबंद बाटलीचे प्यावे. महापालिकेचे पाणी शुद्ध करून येते, पण इमारतीची टाकी कधी धुतली हे कोण सांगणार? जेवण गरम आणि ताजे शिजवलेले असावे. कच्ची कोशिंबीर, बाहेरची चटणी आणि बर्फ हे उपचार संपेपर्यंत नको. तपासणीच्या आदल्या दिवशी जुलाब लागला तर तारीख पुन्हा जाते.

आजार लपवून खोली घेऊ नये. काही व्यवस्थापक रुग्ण म्हटले की नाके मुरडतात, अशा ठिकाणी न राहिलेलेच बरे. बहुतेक जण मदतच करतात. खोली क्रमांक आणि हॉटेलचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी रुग्णाच्या खिशात असावी. रात्री छातीत दुखले, दम लागला, तोंड वाकडे झाले तर आधी १०८ ला फोन करावा. २०१४ पासून ही रुग्णवाहिका राज्यभर मोफत आहे. लगेच खाली स्वागतकक्षालाही कळवावे, म्हणजे लिफ्ट आणि दार उघडे राहते. आल्याबरोबर जिना कोठे आहे तेही पाहून ठेवावे. आग लागली तर लिफ्ट वापरता येत नाही.

हे सारे आठ-दहा दिवसांपर्यंतच्या कामाचे झाले. किरणोपचार पाच-सहा आठवडे चालतात, केमोथेरपी महिनोन् महिने. इतके दिवस हॉटेल कोणाला परवडणार? त्यासाठी दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. तेथे रुग्ण आणि सोबत्याची राहण्याची सोय होते. जागा लगेच मिळेलच असे नाही. रुग्णालयातील समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जाऊन चौकशी करावी, पत्र लागत असेल तर ते घ्यावे आणि जागा मिळेपर्यंतचे दिवस हॉटेलात काढावेत. केमोथेरपीनंतर साधारण एक ते दोन आठवड्यांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या दिवसांत रुग्णाला लोकलच्या गर्दीतून नेणे शक्य तितके टाळावे.

गुरुजींचे दुसऱ्या वेळी काम झाले. रात्री साडेनऊला हॉटेलच्या खालच्या उपाहारगृहातून मुगाची खिचडी आली, सकाळी गोळी न घेता ते टॅक्सीने सात मिनिटांत रुग्णालयात पोचले आणि सव्वादहाला रक्त देऊन इडली खात बसले होते. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी बरीच अरुंद निघाली. तेथे स्टेंट बसविला. आता ते रोज सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत चालत जातात. हॉटेलविषयी त्यांची एकच तक्रार होती. न्हाणीघरात फवारा होता, पण बादली नव्हती. दोनदा फोन केल्यावर आली, आणि तिच्याबरोबर तांब्या नव्हता. येत्या महिन्यात पुन्हा तपासणीला जायचे आहे. तांब्या घरून नेणार आहेत.